केसांची जयणा

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)

 

पन्नास वर्षांच्या वाटचालीत या व्यासपीठावरून नवतत्त्व, कर्मसिद्धांत, अनेकांतवाद अशा गहन विषयांचे विवेचन झाले. त्या परंपरेत विरळ होणाऱ्या केसांची निगा हा विषय ऐकून कित्येकांच्या मुखावर स्मित उमटले असेल. ते स्वाभाविकच आहे. तथापि, कोणत्याही प्रवचन सभागृहातील दृश्य क्षणभर डोळ्यांसमोर आणावे. पाटावर विराजमान झालेल्या मुनिराजांनी मस्तकावरील केस स्वतःच्या हातांनी उपटून दूर केलेले असतात. समोर बसलेल्या श्रावकांपैकी कोणाच्या केसांना कलप लावलेला असतो, कोणी उरलेल्या चार बटा टकलावरून आडव्या फिरवलेल्या असतात, तर मागच्या रांगेतील एखादी भगिनी रुंदावलेला भांग झाकण्यासाठी पदर पुढे ओढून घेत असते. एकाच छताखाली केसांविषयीची ही दोन टोके नांदतात. या दोहोंच्या मधला, गृहस्थाला झेपेल असा एक मार्ग आहे. त्यालाच जैन परंपरेत जयणा म्हणतात. जयणा म्हणजे सावधपणे, कोणत्याही जीवाला पीडा न देता केलेले आचरण.

लोचाची शिकवण

भगवान महावीरांनी दीक्षेच्या वेळी पंचमुष्टी लोच केला. प्रथम तीर्थंकर ऋषभदेवांविषयी श्वेतांबर परंपरा सांगते की त्यांनी चार मुष्टी लोच केला आणि इंद्राच्या विनंतीवरून पाचव्या मुष्टीचे केस राहू दिले. खांद्यांवर रुळणाऱ्या बटा ही आजही ऋषभदेवांची मूर्ती ओळखण्याची खूण मानली जाते. दिगंबर मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांत केशलोच आहे. दोन महिन्यांनी केलेला लोच उत्तम, तीन महिन्यांनी मध्यम आणि चार महिन्यांनी जघन्य, असा त्याचा क्रम सांगितला आहे. श्वेतांबर साधू-साध्वी संवत्सरीपूर्वी लोच करतात.

हे कष्ट कशासाठी? शास्त्रकारांनी दिलेली कारणे विचार करण्यासारखी आहेत. केस वाढू दिले तर त्यांत उवा होतात. त्या त्रींद्रिय जीव असल्याने त्यांची हिंसा घडते. वस्तरा बाळगावा तर परिग्रह होतो. न्हाव्यावर अवलंबून राहावे तर पराधीनता येते. केस सजवत बसावे तर देहाचा मोह वाढतो. हिंसा, परिग्रह, पराधीनता आणि मोह असे हे चार दोष आहेत. गृहस्थाला लोच करावयाचा नाही. परंतु केस विंचरताना, तेल निवडताना आणि आरशासमोर उभे राहताना हे चार दोष टाळणे त्यालाही शक्य आहे.

केसांचा जमाखर्च

कंगव्यात अडकलेला केसांचा पुंजका पाहून घाबरण्याआधी केसांची खातेवही वाचता आली पाहिजे. माणसाच्या डोक्यावर साधारणपणे १ लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढत राहतो. वाढीचा वेग महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर असतो. त्यानंतर तो दोन-तीन महिने विश्रांती घेतो, गळून पडतो आणि त्याच रोमकूपातून नवा केस येतो. आता साधा हिशेब करावा. १ लाख केस आणि प्रत्येकाचे आयुष्य सरासरी १,००० दिवस धरले, तर रोज १०० केस गळणे हा नित्याचा खर्च झाला. दिवसाला ५० ते १०० केस जाणे वैद्यकशास्त्रही स्वाभाविकच मानते. अडचण एवढीच की खर्च कंगव्यात दिसतो आणि जमा मात्र दिसत नाही. जो आठवड्यातून एकदाच न्हातो, त्याला साचलेला खर्च एकदम दिसतो आणि तो हवालदिल होतो.

चिंता करण्याजोगी लक्षणे निराळी आहेत. भांग रुंदावणे, वेणीचा घेर कमी होणे, प्रकाशात टाळू दिसू लागणे किंवा गळती अनेक आठवडे न थांबणे, ही ती लक्षणे होत. कारणांचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात. पहिला प्रकार आनुवंशिक. पुरुषांत तो कपाळाच्या दोन्ही बाजूंनी आणि माथ्यावर दिसतो, तर स्त्रियांत मधल्या भांगावर. हा वारसा केवळ आजोळकडूनच येतो, ही समजूत बरोबर नाही. तो आई आणि वडील या दोन्हींकडून येऊ शकतो. यात केस एकदम जात नाहीत. दर फेरीला रोमकूप थोडा लहान होतो आणि नवा केस अधिक बारीक येतो. वापरातले वस्त्र जसे फाटण्याआधी विरत जाते, तसाच हा प्रकार आहे. दुसरा प्रकार अचानक सर्व डोक्यावरून केस गळण्याचा. तिसरा प्रकार म्हणजे चाई. तिच्यात गोल चकंदळ पडते, कारण शरीराची संरक्षक यंत्रणाच केसांच्या मुळांवर उलटते. चाई पडलेल्या व्यक्तीस घरगुती लेप चोळत न बसता त्वचारोगतज्ज्ञांकडे नेणे हितावह.

काही गैरसमज येथेच दूर करावेत. टोपीने किंवा पगडीने टक्कल पडत नाही. मुंडण केल्याने केस दाट होत नाहीत. कापलेले टोक बोथट असल्याने ते जाड वाटते, एवढेच. मुळाला त्याची वार्ताही नसते. लोचात उपटलेला केससुद्धा पुन्हा उगवतो, कारण त्याचे बीज त्वचेत शिल्लक असते. म्हणून तर लोच आयुष्यभर पुनःपुन्हा करावा लागतो.

तप आणि केसगळती

समाजात ज्याविषयी कुजबूज होते पण उघड बोलले जात नाही, असा एक विषय येथे मांडणे अगत्याचे आहे. एका कुटुंबातील सुनेने पर्युषणात मासखमण केले. तीस दिवस केवळ उकळलेल्या पाण्यावर राहून तिने तप पूर्ण केले. वरघोडा निघाला, पारणे झाले, सर्वत्र अनुमोदना झाली. दिवाळी आटोपली आणि मार्गशीर्षात तिचे केस मुठीमुठीने गळू लागले. न्हाणीघरात पडलेले केस ती कागदात गुंडाळून लपवू लागली. घरातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीने म्हटले, “तपात काही आशातना झाली असेल.” हे शब्द केसगळतीपेक्षाही तिच्या जिव्हारी लागले. पुढच्या वर्षी तिने साधे एकासणे करण्याचेही धैर्य केले नाही.

वस्तुस्थिती काय होती? मोठा ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण किंवा आहारात अचानक झालेली मोठी घट, अशा प्रसंगी शरीर आपली शक्ती हृदय, मेंदू अशा प्रमुख अवयवांसाठी राखून ठेवते. त्या वेळी वाढीच्या अवस्थेतील पुष्कळसे केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात. विश्रांतीचा काळ दोन-तीन महिन्यांचा असल्याने गळती त्यानंतर दिसू लागते. भाद्रपदातील तपाचा परिणाम कार्तिक-मार्गशीर्षात दिसतो, तो यामुळे. २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनातून बरे झालेल्या असंख्य लोकांनी नेमका हाच अनुभव घेतला. त्यात आशातना नाही आणि पापही नाही. मुळे शाबूत असल्याने ही गळती बहुधा सहा महिन्यांच्या आत थांबते आणि केस परत येतात. भरपूर लांबी येण्यास मात्र अधिक काळ लागतो.

त्या भगिनीस पुढे डॉक्टरांकडे नेण्यात आले, तेव्हा शरीरातील लोहाचा साठा फार खालावलेला आढळला. औषधोपचार झाले आणि वर्षभरात वेणी पूर्ववत झाली. मनावरचा ओरखडा भरण्यास मात्र अधिक वेळ लागला. तपस्वीला दोष देण्याआधी त्याचे रक्त तपासून घ्यावे, एवढा विवेक प्रत्येक घराने बाळगला पाहिजे.

दीर्घ तपापूर्वी गुरुभगवंतांची आज्ञा घेतली जाते. त्याबरोबरच वैद्यकीय सल्लाही घ्यावा. पारण्यानंतर मुगाच्या पाण्यापासून हळूहळू आहार वाढवावा. एरवीही शाकाहारी कुटुंबात लोह आणि बी-१२ या दोन घटकांकडे लक्ष असावे. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा कमी असू शकतो. तो फेरिटिनच्या तपासणीत कळतो. थायरॉइडची तपासणीही त्याबरोबर करून घ्यावी. चातुर्मासात पालेभाज्या वर्ज्य करणाऱ्यांनी मूग, मटकी, कुळीथ, हरभरा, तीळ आणि हळीव यांचा आधार घ्यावा. जेवणात लिंबू किंवा आवळा असल्यास लोह अधिक शोषले जाते. जेवणाबरोबर घेतलेल्या चहाने ते कमी शोषले जाते. बी-१२ दुधातून काही प्रमाणात मिळते. तपासणीत ते कमी आढळल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घेण्यास संकोच नसावा.

विंचरण्याची रीत

विरळ केसांचा नाश केवळ आजाराने होत नसून घाईच्या हातानेही होतो. सुताची लडी गुंतली असता जाणता मनुष्य ती खेचत नाही. टोक शोधून एकेक वेढा मोकळा करतो. केसांचेही तसेच आहे. कंगवा टाळूपासून खाली ओढत आणला की वाटेतील सर्व गुंता खाली सरकून एक घट्ट गाठ होते आणि मग तुटतो तो केस. म्हणून प्रथम टोकाकडची चार बोटे लांबी विंचरावी, मग मधला भाग आणि शेवटी मुळापासून टोकापर्यंत कंगवा फिरवावा. गुंत्याच्या वर केसांची बट दुसऱ्या हाताने धरून ठेवावी, म्हणजे ओढ मुळावर येत नाही.

ओला केस पाण्याने फुगलेला असतो. तो अधिक ताणला जातो आणि लवकर तुटतो. न्हाल्यावर डोके खसाखसा पुसू नये. जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती पंचाने पाणी टिपून घ्यावे. केस बरेचसे सुकल्यावर रुंद दात्यांच्या कंगव्याने विंचरावेत. बारीक दात्यांची फणी उवा-लिखांच्या शंकेसाठी राखून ठेवावी, रोजच्या वापरासाठी नाही. रोज शंभर वेळा ब्रश फिरवल्याने केस वाढतात, ही जुनी समजूत आहे. त्याने घर्षण तेवढे वाढते. दिवसातून एकदा किंवा दोनदा विंचरणे पुरेसे आहे.

कंगवा घेताना दाते बोटाच्या पेरावरून फिरवून पाहावेत. स्वस्त प्लॅस्टिकच्या कंगव्यात साच्याची खरखरीत कड राहिलेली असते आणि तीच केसाला कापते. गुळगुळीत घासलेली लाकडी फणी हातालाही सुखद लागते. कंगवा आठवड्यातून एकदा कोमट साबणाच्या पाण्याने धुवावा. घरातील प्रत्येकाचा कंगवा स्वतंत्र असावा. उवा झाल्यावर त्यांना मारण्याची वेळ येण्यापेक्षा त्या होऊच न देणे, हीच खरी जयणा होय.

भांग अधूनमधून बदलावा. घट्ट आंबडा, ताणून घातलेली वेणी आणि उघडे रबर यांनी कपाळाकडचे केस वर्षानुवर्षे ओढले जातात आणि कालांतराने तेथील मुळे कायमची जातात. लहान मुलींच्या वेण्या घालताना मातांनी हे विशेष ध्यानी ठेवावे.

गळलेले केस गॅलरीतून खाली टाकण्याची सवय तर सर्वस्वी सोडली पाहिजे. पॅरिस शहरातील कबुतरांच्या तुटलेल्या बोटांविषयीचा एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. केस कापण्याची दुकाने जेथे दाट, तेथे बोटे गमावलेली कबुतरे अधिक, असे त्यात आढळले. केस आणि दोरे पायांत अडकतात, आवळले जातात आणि बोट गळून पडते. जो समाज पक्ष्यांसाठी दवाखाने चालवतो, त्याच्या घरातून उडालेला एक केस एखाद्या मुक्या जीवाच्या पायाचा फास व्हावा, हे शोभणारे नाही. केस कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकावेत.

तेल आणि पाणी

तेलाविषयी दोन्हीकडून अतिशयोक्ती होते. तेल चोळल्याने टकलावर केस उगवत नाहीत. परंतु आहे तो केस टिकवण्याचे सामर्थ्य खोबरेल तेलात निश्चित आहे. मुंबईतील संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती. धुण्याने आणि विंचरण्याने केसांतील प्रथिनांचा होणारा ऱ्हास खोबरेल तेलानेच ठळकपणे कमी झाला. न्हाण्यापूर्वी तास-दोन तास लावलेले थोडे तेल पुरते. कोंडा असणाऱ्यांनी रात्रभर तेल ठेवू नये, कारण कोंड्याला कारणीभूत असलेली बुरशी तेलावरच पोसली जाते. मालीश बोटांच्या पेरांनी करावी, नखांनी नाही. पाणी कोमट असावे. विरळ झालेल्या माथ्याला उन्हाचा चटका थेट बसतो, म्हणून बाहेर पडताना टोपी किंवा पदर अवश्य घ्यावा.

कंगव्यामागील जीव

केसांची निगा राखताना दुसऱ्या जीवाच्या केसांचा, शिंगांचा आणि हाडांचा बळी जातो काय, हा प्रश्न श्रावकाने विचारलाच पाहिजे. एकेकाळी श्रीमंतांच्या घरी हस्तिदंती फण्या असत. हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचा निर्णय १९८९ साली झाला. शिंगाच्या फण्या अजूनही बनतात. केसांना चमक देणारे म्हणून जे महागडे ब्रश विकले जातात, त्यांतील कित्येकांचे तंतू रानडुकराचे किंवा डुकराचे राठ केस असतात. वेष्टनावर ‘बोअर ब्रिसल’ किंवा नुसते ‘नॅचरल ब्रिसल’ असे शब्द असतात. ‘नॅचरल’ या शब्दाने श्रावक निश्चिंत होतो, आणि तेथेच फसतो.

केराटिन लोकर, पिसे, शिंगे किंवा खूर यांपासून मिळवले जाते. शाम्पूतील ‘सिल्क प्रोटीन’ ज्या रेशमापासून येते, त्याचे कोष आतील जीवासह उकळले जातात. केसांसाठीच्या जीवनसत्त्वांच्या अनेक कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे, म्हणजे हाडे व कातडे यांपासून केलेले असते. भारताने २०१४ साली सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांना आणि तशा चाचण्या केलेल्या प्रसाधनांच्या आयातीलाही बंदी केली. हे अहिंसेच्या दृष्टीने मोठे पाऊल होय. परंतु त्यामुळे घटकद्रव्यांचा प्रश्न मिटत नाही. वेष्टन वाचणे हेच श्रावकाचे प्रतिलेखन. लाकडी कंगवा, शुद्ध खोबरेल, शिकेकाई आणि रिठा एवढ्या सामग्रीत बहुतेकांचे काम भागते.

औषध, बाजार आणि वधू-वर

आनुवंशिक विरळपणावर औषध नाहीच, असे म्हणणे खरे नव्हे. मिनॉक्सिडिल हे मूळचे रक्तदाबाचे औषध. टाळूला लावण्याच्या स्वरूपात अमेरिकेत त्याला १९८८ साली मान्यता मिळाली. फिनास्टराइडच्या गोळीला पुरुषांच्या टकलासाठी तेथेच १९९७ साली मान्यता मिळाली. ती गर्भवती स्त्रियांसाठी वर्ज्य आहे. या औषधांचा गुण दिसण्यास काही महिने लागतात. मिनॉक्सिडिल सुरू केल्यावर पहिले काही आठवडे गळती वाढूही शकते. औषध थांबवले की गुणही हळूहळू ओसरतो. आहे ते राखण्याचे काम औषधे अधिक चांगले करतात. म्हणून जावयाचेच असेल तर तज्ज्ञांकडे लवकर जावे. महिनाभरात केस उगवण्याची हमी देणाऱ्या जाहिरातीच्या मागे कष्टाचा पैसा घालवू नये.

एखाद्याने औषध घेणे वा न घेणे, केस राखणे वा मुंडण करणे हा सर्वस्वी त्याचा अधिकार आहे. समाजाचा अधिकार तेथे संपतो. पण वस्तुतः काय घडते? वधू-वर परिचय मेळाव्यात अठ्ठाविशीतला एखादा सुशील, कमावता, निर्व्यसनी तरुण मंचावर येतो. त्याचे शिक्षण ऐकण्याआधी मागच्या रांगेतून त्याच्या माथ्यावर शेरा मारला जातो. एखाद्या गुणी मुलीचे छायाचित्र केवळ विरळ केसांमुळे परत येते. त्या तरुणाच्या घरी त्या रात्री कोणी मोकळेपणाने जेवत नाही. ज्या समाजाची मस्तके लोच केलेल्या मुनींपुढे झुकतात, त्याच समाजाने केसांवरून मुला-मुलींचे मोल ठरवावे, यापेक्षा मोठी विसंगती कोणती? मुखातून निघालेला असा शेरा ही वाचिक हिंसाच आहे. तिचा फास कबुतराच्या पायातील केसापेक्षा सैल नसतो.

या सुवर्णमहोत्सवी वर्षात ट्रस्टच्या परिचय मेळाव्यांत कोणाच्याही रूपावर जाहीर शेरा मारला जाणार नाही आणि तपस्वींच्या आरोग्यतपासणीची सोय पर्युषणाआधी व नंतर केली जाईल, असे दोन संकल्प सोडता आले, तर हा लहानसा विषय सार्थकी लागला असे म्हणता येईल. बाकी प्रत्येकाने उद्या सकाळी हातात कंगवा घेताना हात थोडा हलका ठेवावा. जे केस आहेत त्यांना जपावे, जे गेले त्यांच्यासाठी आर्तध्यान करू नये.

जिनाज्ञेविरुद्ध काही बोलले गेले असल्यास त्रिविधे मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!